हापशीवरची लतिका

आलमबाग, लखनौ
११ डिसेंबर १९८३

ताई, सप्रेम जयभीम.

पत्र दिसलं की तू म्हणशील, ह्यानं पुन्हा नोकरी सोडली. कानपूरची सोडली हे खरं, पण आता लखनौला आहे आणि ह्या वेळी डोक्यावर पक्कं छप्पर आहे. आलमबागेत पहिली ते पाचवीची एक शाळा आहे, तिथं चपरासी लागलो. सातवी नापास माणूस शाळेत लागला, हसायचं तर हास. घंटा वाजवतो, वर्ग झाडतो, हापशी मारतो, शाळा सुटली की पोरं ज्याच्या त्याच्या रिक्षात बसवून देतो. मैदानाच्या कडेला मोडकी बाकं ठेवायची खोली आहे, ती मला दिलीये.

नोकरी लावली आत्माराम वानखेडे साहेबांनी. आपलेच, अमरावतीकडचे. इथं सरकारी कचेरीत मोठे बाबू आहेत. आपल्या लोकांची मोजकी घरं आहेत इथं, त्यांचं मंडळ आहे, रविवारी वंदना होते, साहेब मंडळाचे अध्यक्ष. बायको वारली त्यांची. दुसरं लग्न केलं नाही, पोरगी एकट्यानं वाढवतात, तिची वेणीसुद्धा स्वतः घालतात. मंडळातल्या बाया त्यांचं नाव निघालं की पदर सारखा करतात. मला म्हणाले, "आपली पोरं परमुलखात अशी भटकताना बघवत नाही रे."

त्यांची पोरगी लतिका आमच्याच शाळेत तिसरीत आहे. तिच्यासाठीच हे पत्र.

मधल्या सुट्टीत पोरं हापशीपुढं रांग लावतात. मी दांडा मारतो, पोरं ओंजळीनं पितात. परवा लतिकाचा नंबर आला आणि ती नुसतीच तोंड वर करून उभी राहिली. म्हटलं, ओंजळ कर की गं. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, इथली आपली सगळी पोरं तशीच. म्हणाली, "भैया, लोटे से ऊपर से डाल दो." मागची पोरं हसली, "महारानी हैं, ऊपर से पिएँगी." मी लोटा आणला. पाणी पिताना तिच्या स्वेटरच्या बाह्या मागं गेल्या तेव्हा हात दिसले. दोन्ही तळवे गच्च सुजलेले, काळेनिळे, बोटं मिटत नव्हती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "गिर गई."

पडला माणूस तर खरचटतं, माती लागते. हे तसं नव्हतं. तिच्या वर्गाच्या शुक्ला बहनजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हमारे यहाँ भी तो रोज़ छड़ी चलती है, श्रीपत, किस-किस का हाथ देखूँ?" खोटं नाही ते. पण दुसऱ्या दिवशी वर्गाला शुद्धलेखन घातलं तेव्हा त्यांनी लतिकाला एकटीला लिहायचं सोडून खडू गोळा करायला लावलं. म्हणजे त्यांनीही हात पाहिले होते.

तू दवाखान्यात सिस्टर आहेस, तूच सांग काय करू. मला वाटतं साहेबांच्याच कानावर घालावं, की शाळेत कोणी तरी तुमच्या पोरीला फार मारतंय.

बाबुरावकाकांना माझा जयभीम सांग. थंडीत त्यांचा दमा कसा आहे ते लिही.

तुझा
श्रीपत


दारव्हा
२१ डिसेंबर १९८३

प्रिय श्रीपत, जयभीम.

तुझं अक्षर पाहून बरं वाटलं. ह्या नोकरीत टिक. भिलाई झाली, कानपूर झालं, आता लखनौच्या पुढं मला पत्ता बदलायला लावू नकोस.

साहेबांकडे जाऊ नकोस. मनातसुद्धा आणू नकोस. शाळेतली छडी एका हातावर बसते, पोरगं हात मागं घेतं, मग दुसरा पुढं करतं. दोन्ही तळवे एकसारखे सुजायला पोरगी एका जागी उभी राहावी लागते, आणि कोणापुढं तरी न हलता उभं राहायची तिला सवय लागावी लागते. हे मी डोळ्यांनी न बघता लिहितेय, तेव्हा चुकतही असेन. तिच्या घरी आणखी कोण असतं?

तू हेडबाईंना सांग. पाहिलंस तेवढंच सांग. शाळेतल्या लेकराचं शाळेनं बघायचं असतं. तू तिथं नवा आहेस, एकट्यानं ओढवून घेऊ नकोस. बाई माणूस आहेत, त्या नीट विचारतील.

स्वेटर पाठवतेय. बाह्या आखूड झाल्या असतील तर गप घाल.

तुझी
सुनंदाताई


आलमबाग, लखनौ
८ जानेवारी १९८४

ताई,

तुझं ऐकलं आणि तोंडावर पडलो.

बड़ी बहनजी म्हणजे आमच्या हेडबाई. बाई वाईट नाहीत. मी सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "गार्जियन को बुलाओ." इथं हीच रीत आहे. पोराच्या डोक्यात उवा झाल्या तरी गार्जियन, नापास झालं तरी गार्जियन, आणि हात सुजले तरी गार्जियन.

साहेब आले. कोटाला इस्त्री, हातात बहनजींसाठी संत्री. मी चहा घेऊन आत गेलो तेवढ्यात लतिकाला वर्गातून बोलावलं. बड़ी बहनजींनी तिला जवळ घेतलं आणि इतक्या मायेनं विचारलं की मलाही बरं वाटलं. "बेटी, पापा के सामने बताओ, डरो मत. हाथ में क्या हुआ था?"

लतिका साहेबांच्या बुटांकडे बघत होती. साहेबांनी तिच्या स्वेटरवरचा एक धागा काढला आणि बोटाला गुंडाळत बसले. मग ती म्हणाली, "पंप का हत्था लगा. भैया ज़ोर से चला रहे थे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात चहाचा ट्रे तसाच होता.

साहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाने दीजिए बहनजी, हमारे देस का लड़का है, अनाड़ी है. नौकरी मत लीजिए." आणि मग मला मराठीत, हळूच, "सांभाळून राहा बरं, श्रीपत." रविवारी वंदनेनंतर मंडळातही हेच सांगितलं. सगळ्यांनी त्यांचं मोठं मन वाखाणलं. आता बाया आपली पोरं माझ्याजवळून काढून घेतात. एकीनं तर विचारलं, "गावाकडं कधी कोणाला लागलं होतं का रे तुझ्या हातून?"

ताई, खरंच दांडा लागला असेल का तिला? मी दांडा मारतो तेव्हा लक्ष कुठं असतं माझं? आता हाताला सवय लागलीये की प्रत्येक वेळी दांडा खाली नेताना मधेच थांबायचं आणि बघायचं. पोरं ओरडतात, "चलाओ न भैया."

लतिका रांगेत येत नाही. पोरं पिऊन झाली की मी सगळ्यात शेवटी एक लोटा भरतो आणि तोंड वर करून कोणी उभं आहे असं धरून वरून ओततो. का करतो माहीत नाही. पोरांनी नाव पाडलंय, भैया भूत को पानी पिलाते हैं. नाताळच्या सुट्टीत शाळा रिकामी होती, मी उन्हात बसून गहू निवडत होतो, तर मागं हापशीचा दांडा करकरला. उठून गेलो तर कोणी नाही, आणि ओटा ओला. कुत्रं असेल. पण कुत्रं दांडा कसा मारेल?

साहेबांचा राग म्हणावा तर येत नाही. आवाज कधी चढत नाही त्यांचा. तू बघशील तर म्हणशील, अगदी आपल्या बाबुरावकाकांसारखे. पोरीनं घाबरून काही तरी सांगितलं असेल. बोकारोला एक ओळखीचा आहे, तो बोलावतोय. जाऊन टाकतो झालं.

काकांना जयभीम सांगतेस ना? तू कधी उलट लिहीत नाहीस.

श्रीपत


दारव्हा
१९ जानेवारी १९८४

श्रीपत,

तुझ्या पत्रातली काकांची ओळ वाचली आणि जेवणाचा डबा तसाच झाकून ठेवला. तुझा जयभीम मी त्यांना कधीच सांगितला नाही. मी नर्सिंगला निघाले त्या दिवसापासून त्यांच्या घरात पाय ठेवलेला नाही. तू त्यांना देवासारखं मानतोस, बाप गेल्यावर त्यांनी आपल्याला घास घातला, म्हणून गप्प राहिले. आता लिहिते.

काकांची पद्मा तुला आठवते का? तू फार लहान होतास. तुला सांगितलंय की ती तापानं गेली. पद्माच्या पाठीवर वळ असायचे. आपल्या शाळेतल्या गुरुजींनी ते पाहिले. भला माणूस होता, पाहून न पाहिल्यासारखं त्यानं केलं नाही. तो घरी आला. खाटेवर बसला, काकूनं चहा केला, आणि त्यानं पद्माला बोलावून काकांसमोर विचारलं, काय लागलं पोरी? ती म्हणाली, बैलानं ढुशी दिली. काका हसले. कधीच आवाज चढायचा नाही त्यांचा. गुरुजींना वळणापर्यंत पोचवून आले, आत गेले आणि कडी लावली. तू ओसरीवर होतास. दारावर थापा मारत होतास, "पद्माताई, दार उघड." तुला आठवत नाही. पण तुझा पाय कुठंच का ठरत नाही, कुठलंही दार लागलं की तू का निघतोस, ते मला वाटतं तुझ्या अंगाला आठवतं.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. ताप म्हणाले. मी तिच्या शेजारी निजत होते, तिचं अंग थंड असायचं.

आणि तरीही मी तुला हेडबाईंकडे धाडलं. वाटलं शहर आहे, बाया शिकवतात, तिथं असं विचारणार नाहीत. रीत सगळीकडे एकच निघाली.

आमच्या डॉक्टरांना नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, कायद्याचं सगळं त्यांनाही ठाऊक नाही, पण अशी जखम सरकारी दवाखान्यात आली तर ते ती लिहून ठेवतात आणि ठाण्यात कळवतात. पुढं पोर कोणाकडे राहायची ते मॅजिस्ट्रेट बघतो. म्हणजे शाळेतून घरी नाही जायचं श्रीपत, शाळेतून दवाखान्यात. आणि मंडळात तर मुळीच नाही. आपल्यातलं आपल्यात मिटवू म्हणणारे उद्याच्या रविवारी साहेबांच्याच शेजारी बसलेले असतील. शुक्ला बहनजींना धर. बाई माणूस सोबत असल्याशिवाय पोरीला घेऊन फाटकाबाहेर पाऊल टाकू नकोस, नाही तर ते तुझ्यावरच उलटवतील.

पोरीला तेच तेच विचारून खोदू नकोस. तिनं सांगितलंच तर ऐक. आणि कोणाला सांगणार नाही असं वचन तिला देऊ नकोस, कितीही गयावया केली तरी. सांगावं तर लागणारच आहे, मग तिचा कोणावरच भरवसा उरणार नाही. कोणी केलं हे शोधणं तुझं काम नाही. जे दिसलं ते योग्य माणसापर्यंत पोचवणं एवढंच तुझं काम.

दांडा तिला लागलेला नाही. त्याचा घोर सोड.

बोकारोला जायचं तर जा. मी थांब म्हणणार नाही.

सुनंदाताई


आलमबाग, लखनौ
३ फेब्रुवारी १९८४

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. काकांनी मला सायकल शिकवली. मागून सीट धरून पळायचे. ते काय करू आता? कुठं ठेवू?

लतिका शाळेत येईना. शुक्ला बहनजी म्हणाल्या बुखार आहे अशी चिठ्ठी आलीये. पद्माच्या वेळीही तापच म्हणाले होते. दुपारी तसाच साहेबांच्या क्वार्टरवर गेलो. काही तरी निमित्त हवं म्हणून सांगितलं, परीक्षेची तारीख कळवायला आलो. साहेब घरीच होते. "ये, ये, बस." बाहेरच्या खोलीत खुर्ची दिली. घर चकचकीत, बाईच्या हातचं वाटावं असं. आतल्या खोलीचं दार लावलेलं, त्याच्यापुढं लतिकाच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. कडी बाहेरून होती, ताई.

म्हटलं, "लतिका कशी आहे?"

"झोपलीये. उगाच उठवायला नको." आणि मग, "साखर किती घेतोस?"

त्यांनी स्वतः चहा केला. माझ्या हातात कप दिला. आतून काहीच आवाज नाही. झोपलेल्या पोराचा पण काही तरी आवाज येतो, कुशी बदलतं, खोकतं. इथं कोणी तरी आवाज न होईल असं बसलंय असं वाटत होतं. साहेब गावाकडच्या गोष्टी बोलत होते, संत्र्याच्या बागा, पोळा. मी हो हो करत होतो. अर्धा कप संपल्यावर एकदम ध्यानात आलं की मी चहा पितोय. तुझ्या पत्रातला गुरुजी जसा पीत होता तसा.

आणि तरी संपवला. साहेब मला फाटकापर्यंत पोचवायला आले. आज शाळेत घंटा द्यायला विसरलो.

श्रीपत


दारव्हा
१२ फेब्रुवारी १९८४

श्रीपत,

चहा प्यालास ते मनाला लावून घेऊ नकोस. तू दार तोडलं असतंस तर आज ठाण्यात तू असतास आणि ती तिथंच असती.

पण पुन्हा तिकडे जाऊ नकोस. तू दार बघून आलास हे त्या माणसाला कळलंय. ती शाळेत आली की तुला जे करायचं ते त्याच दिवशी, शाळेच्या वेळात. शुक्ला बहनजींना हे पत्र वाचून दाखव. मराठी समजणार नाही, तू सांग. पद्माचं पण सांग. बाई आहे, तिला नुसता कायदा सांगून पुरणार नाही.

रोज पोस्टमनची वाट बघतेय.

सुनंदाताई


आलमबाग, लखनौ
६ मार्च १९८४

ताई,

झालं. नीट लिहायला बसलोय, अक्षर समजून घे.

शुक्ला बहनजींना पद्माचं सांगितलं होतं. तेव्हा त्या नुसत्या वही तपासत राहिल्या, वर पण बघितलं नाही. मला वाटलं गेलं सगळं वाया. परवा वार्षिक परीक्षा सुरू झाली आणि लतिका आली. इथं आता ऊन तापायला लागलंय, बाकीची पोरं नुसत्या सदऱ्यावर, ती गळ्यापर्यंत स्वेटर घालून. थोड्या वेळानं शुक्ला बहनजी पेपर दुसऱ्या बाईंकडे सोपवून हापशीपाशी आल्या. म्हणाल्या, "पीठ नहीं टिका रही है बेंच से. चलो श्रीपत." मी म्हटलं, कुठं? त्या म्हणाल्या, "जहाँ तुम्हारी दीदी ने लिखा है."

बड़ी बहनजी व्हरांड्यात उभ्या होत्या. शुक्ला बहनजींनी सांगितलं, ह्या वेळी गार्जियनला नाही कळवणार. बड़ी बहनजी एवढंच म्हणाल्या, "स्कूल का नाम..." मग स्वतः जाऊन मागचं फाटक उघडलं आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

सरकारी दवाखान्यात लेडी डॉक्टर होती. पडद्याआड स्वेटर काढला, मी बाहेर. मला शुक्ला बहनजींचा श्वास आत ओढल्याचा आवाज आला. डॉक्टरनं विचारलं, "बेटा, ये कैसे हुआ?" लतिका म्हणाली, "गिर गई." "पीठ के बल?" "पंप का हत्था लगा." "जलता हुआ हत्था था?" त्यावर पुन्हा, "गिर गई." घडी केलेला कपडा काढून दाखवावा तशी.

मग डॉक्टर मला म्हणाली, तुम्हारी बोली की है न, इससे पूछो दवा ज़्यादा तो नहीं लग रही. मी पडद्याच्या अलीकडूनच विचारलं, "लय झोंबते का गं?"

ती मराठीत बोलली. माझ्याशी पहिल्यांदा. "झोंबते. पण रडलं नाही की लवकर संपतं. बाबा चिमटा परत तापवत नाहीत मग."

ताई, मला तेव्हा कळलं. घरात ते दोघं मराठीत बोलतात. बाहेरच्यांना सांगायचं ते तिच्याकडून हिंदीत पाठ करून घेतलेलं. काय झालं हे मी मराठीत विचारलं तरी तिचं हिंदी उत्तर तयार होतं, पण झोंबतं का असं मराठीत कोणी विचारेल हे धरलंच नव्हतं, म्हणून त्याचं खोटं तिला शिकवलेलं नव्हतं.

लगेच तिला उमगलं काय बोलून बसली ते. म्हणाली, "तुम्ही कोणाला सांगणार नाही ना? भैया, नाही ना सांगणार?"

जिभेवर आलं होतं माझ्या, नाही सांगत बाळा. तोंडभरून आलं होतं. मी म्हटलं, "सांगणार आहे. आत्ता ह्या डॉक्टरबाईंना सांगणार आहे. नाही सांगितलं तर संध्याकाळी तुला घरी जावं लागेल." शुक्ला बहनजी म्हणतात, तिनं भिंतीकडे तोंड केलं.

मग मी ते वाक्य हिंदीत सांगितलं. मला हिंदी येते, पण त्या वाक्याला जीभ वळेना, दोनदा अडलो. डॉक्टरनं लिहून घेतलं.

ठाण्याचा दरोगा आला तो कुरकुरतच. "घर का मामला है मैडम, बाप है, दो हाथ मार दिए होंगे." डॉक्टर म्हणाली, मेरा काग़ज़ बन गया है, अब आप अपना बनाइए. संध्याकाळी साहेब आले. इस्त्रीचा कोट. कोणावर ओरडले नाहीत. मला म्हणाले, "पाणी मिळेल का रे, श्रीपत?" आणि मी उठलो, ताई. सवयीनं उठलो. शुक्ला बहनजींनी माझी बाही धरून खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना मॅजिस्ट्रेटपुढं नेलं. लतिका दवाखान्यातच आहे. अमरावतीहून तिची यमुनामावशी निघालीये. लतिका माझ्याशी तेव्हापासून एक शब्द बोललेली नाही.

श्रीपत


दारव्हा
१७ मार्च १९८४

श्रीपत,

पत्र मी वाचलं, मग आमच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं, मग एकटीनं पुन्हा वाचलं.

ती बोलत नाही तर नको बोलू दे. तिला तू गोड वाटावास म्हणून तू हे केलेलं नाहीस.

मी काल गावी गेले होते. काका अंगणात खाटेवर बसले होते. दमा फार आहे, छाती फासळ्यांत जाते. मला ओळखलं, "सुनंदा, किती दिवसांनी," म्हणाले. मी त्यांच्यासमोर उभी राहून पद्माचं नाव घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "कोण पद्मा?" काकू दारात होती. तिनं दाराची चौकट धरली आणि ढसाढसा रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ते विसरलेत की विसरल्याचं दाखवतात, मला कळलं नाही. कळून उपयोगही नाही.

लतिकाला विचारणारे आता कोण कोण येतील ते मला कळव.

सुनंदाताई


चारबाग, लखनौ
२४ जून १९८४

ताई,

पत्ता बदललाय, पण गाव तेच आहे. शाळेच्या मॅनेजरनं मला काढलं. शुक्ला बहनजींना वरच्या वर्गाचं काम काढून घेऊन शिशुवर्गात टाकलंय. त्या म्हणतात, "अच्छा ही है, छोटे बच्चे झूठ कम बोलते हैं." मी चारबागला स्टेशनाबाहेरच्या एका हॉटेलात भांडी घासतो आणि वर गच्चीवर झोपतो. मंडळातलं कोणी समोर आलं तर रस्ता बदलतं. मागच्या महिन्यात धनंजय म्हणून मंडळाचा सेक्रेटरी आला. बोकारोची नोकरी पक्की आहे म्हणाला, तिकीट पण काढून देतो, कोर्टाच्या तारखेच्या आत निघून जा, समाजाची अब्रू राहील. ताई, खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी बिस्तरा बांधला होता. सकाळी सोडला. केसमध्ये मी साक्षीदार आहे. लतिका ते बोलली तेव्हा ऐकणारे तिघं होते, पण ते शब्द कळले होते फक्त मला.

साहेब जामिनावर सुटलेत. कचेरीत जातात. परवा चौकात दिसले, नमस्कार केला त्यांनी मला.

यमुनामावशीचं पत्र आलंय अमरावतीहून. लतिका जेवते, शाळेत नाव घातलंय. दिवसासुद्धा दार ओढून घेऊ देत नाही, न्हाणीघरात गेली तरी उघडंच ठेवते. हिंदी बोलत नाही आता अजिबात. मावशीनं खाली लिहिलंय, पोरगी विचारते, कोर्टात पुन्हा सांगावं लागणार का, आणि तेव्हा बाबा तिथं असणार का. मला विचारून कळवायला सांगितलंय.

मी काहीच उलट लिहिलं नाही. असणार नाहीत असं लिहिलं आणि ते असले तर?

कोर्टात गेलो. तिथल्या पेशकाराला, म्हणजे कारकुनाला, विचारलं. तो पान खात होता, म्हणाला, मुल्ज़िम तो रहेगा ही, उसका हक़ है. मुल्ज़िम म्हणजे आरोपी. म्हटलं, पोरगी आठ वर्षांची आहे. म्हणाला, तो अर्ज़ी दो, मजिस्ट्रेट साहब की मर्ज़ी. वकील करायची ऐपत नाही, शुक्ला बहनजी गावाला गेल्यात. मी झाडाखाली बसलो आणि अर्ज स्वतःच लिहिला. हिंदीत लिहायची सवय नाही, तीन कागद खराब झाले. चौथ्यावर एकच ओळ लिहिली, की लड़की से जो पूछना है वह बाप के सामने न पूछा जाए. खाली माझं नाव, आणि काम काय म्हणून लिहायची जागा होती तिथं काय लिहावं कळेना, हॉटेलचं लिहायला पाहिजे होतं, पण मी लिहिलं, स्कूल का आदमी.

पेशकारानं वाचलं. म्हणाला, "बस इतना? कारण भी तो लिखो भाई. दफ़ा लिखो, कुछ लिखो." दफ़ा म्हणजे कायद्याचं कलम.

मी म्हटलं, कारण मॅजिस्ट्रेट साहेबांना माहीत नसेल तर मला बोलवा, मी सांगतो. मी इथंच बाहेर बसतो.

त्यानं कागद फायलीत घातला. मी बाकावर बसलो. कोर्ट उठेपर्यंत कोणी बोलावलं नाही. उद्या परत जाणार आहे.

श्रीपत